एक गज कमी

शेलार, ता. भिवंडी,
मार्गशीर्ष, सन २००९

तीर्थस्वरूप सौ. तुळजाआक्का हिच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या केसरीनाथचं लिहिणं असं की, इकडे सगळं ठीक आहे. (डोकं मनातल्या मनात ठेवलंय. प्रत्यक्ष वाकायला डॉक्टरांनी मनाई केलीय. का, ते पुढे येतंच आहे. आत्तापासून कपाळाला हात लावू नकोस.) दाजींचा खोकला कसा आहे? मार्गशीर्षाचे गुरुवार लागले, म्हणजे तुमच्या हार-नारळाच्या दुकानावर नुसती झुंबड असेल, आणि दाजी गल्ल्यावर बसून दर गिऱ्हाइकाला सुट्ट्या पैशांबरोबर थोडा खोकलाही देत असतील. त्यांना सांग, वज्रेश्वरीच्या गरम कुंडात पाय सोडून बसल्यानं छाती मोकळी होत नाही, विडी सोडली तर होईल. हे पत्र आपल्या कारखान्याच्या हिरामण ड्रायव्हरबरोबर जीपनं पाठवतोय. मागच्या खेपेला तुझ्या तांदळाच्या भाकऱ्या संपवून वर 'अजून हाय का' विचारणारा तोच हा. त्याला आधी चहा दे, मग निवांत वाचायला बस. त्याला काही घाई नाही.

पत्र कशाला, मोबाइल नाही काय, असं तू म्हणशील. आहे की. पण मोबाइलवर मी 'आक्का, पोट कसं आहे' एवढं विचारलं की तुझी रेंज जाते. अख्ख्या वज्रेश्वरीत सगळ्यांची रेंज शाबूत आणि तुझी एकटीचीच कशी जाते, हे त्या कंपनीवाल्यांना एकदा विचारलं पाहिजे. आणि हो, भाऊबीजेची शपथ माझ्या पक्की लक्षात आहे. ओवाळता ओवाळता तू ताटासकट पोट धरून खाली बसलीस, निरांजनाचं तूप माझ्या नव्या लेंग्यावर सांडलं, तुझ्या डोळ्यांत हळद उतरलेली सगळ्या घरानं पाहिली. आणि त्या पित्ताच्या पिशवीतले खडे आता काढलेच पाहिजेत असं मी म्हणायच्या आत तू माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवलास, की पुन्हा माझ्या ऑपरेशनचं नाव काढलंस तर मी मेले. कारण काय? तर तुमच्या आळीतल्या कुणाच्या तरी मावसजावेच्या पोटात कात्री राहिली होती, आणि ती बाई चालायला लागली की आतून कचकच आवाज यायचा. (ती बाई कोण, कुठली, आवाज कुणी ऐकला, हे तीन वर्षं विचारतोय. दर वेळी ती वेगळ्याच गावची निघते.) असो. शपथ म्हणजे शपथ. या पत्रात तुझ्या ऑपरेशनबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. मी माझ्या ऑपरेशनबद्दल लिहितो.

होय, झालं माझं ऑपरेशन. बस खाली. आधी चांगली खाली बस. आंतरगळ झाला होता. डॉक्टर त्याला हर्निया म्हणतात, पण दुखतं तेवढंच. कारखान्यात सुताचा बीम लूमवर चढवताना दोन कामगार म्हणत होते, सेठ, तुम्ही सरका. मी सरकलो नाही. (आपल्या घराण्यात कुणी सांगितल्यावर सरकलंय कधी?) उजव्या जांघेत काहीतरी सटकल्यासारखं झालं, आणि पुढे पुढे तर शिंक आली की लिंबाएवढा फुगा बाहेर डोकवायचा. तुला कळवलं नाही, कारण तू कळल्याबरोबर अंगारा घेऊन आली असतीस, तो माझ्या जांघेला लावला असतास आणि मला तुझ्याबरोबर गरम कुंडात बसवलं असतंस. म्हणून मी आणि तुझी भावजय राही गुपचूप भिवंडीच्या हॉस्पिटलात गेलो. नाक्याच्या पुढचं तीन मजली आहे ते. डॉक्टर मोमीन म्हणून सर्जन आहेत, आपल्याच भिवंडीचे. त्यांच्या वाडवडिलांचे हातमाग होते, त्यामुळे त्यांनी माझं पोट बघायच्या आधी मंदी कशी आहे ते विचारलं. मला माणूस पटला.

पण आक्का, आत भरती झाल्यावर मला वाटायला लागलं की हे हॉस्पिटल विसरभोळ्यांचं आहे. आल्या आल्या एका मुलीनं नाव विचारलं. सांगितलं. हातात नावाची पट्टी बांधली. दुसरी आली, तिनं पट्टी हातात धरली आणि मलाच विचारलं, काका, पूर्ण नाव सांगा. म्हटलं, बाई, तुमच्या हातात काय आहे? तरी ती हटेना. मग भुलीच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनीही नाव विचारलं, कसलं ऑपरेशन ते विचारलं, कुठल्या बाजूचं ते विचारलं, कशाची अॅलर्जी आहे का ते विचारलं. मी म्हटलं, उपासाची आहे. (सकाळपासून पाण्याचा थेंब दिला नव्हता. समोरच्या खाटेवरचा माणूस बोंबलाचं कालवण खात होता. असल्या वॉर्डात कालवणाला बंदी पाहिजे.) चौथ्या वेळी कुणी विचारलं तेव्हा मी चिडून म्हटलं, केसरीनाथ नामा भोईर, मघापासून बदललेलं नाही. ती मुलगी हसली, पण लिहून घ्यायचं ते घेतलंच.

तेवढ्यात वॉर्डबॉय दारातून ओरडला, भोईरांना ओटीत घ्यायचंय. राही एकदम उठून उभी राहिली. तिनं पिशवीतून नारळ काढला, खण काढला, आणि मला हळूच विचारते, अवो, बायकांची भरतात ती ठावं हाय, इथं बाप्यांचीबी ओटी भरतात का? पुढं तो वॉर्डबॉय, मागं ढकलखुर्चीत मी आणि बाजूला नारळ घेतलेली राही, अशी आमची वरात वरच्या मजल्यावर गेली. ऑपरेशनच्या खोलीला ही माणसं ओटी म्हणतात, हे नेत्रा सिस्टरनी समजावून सांगितलं तेव्हा राहीनं नारळ परत पिशवीत टाकला, पण तोंड मात्र फसवल्यासारखं केलं. ही नेत्रा सिस्टर लक्षात ठेव. बारीकशी पोरगी, वाडा तालुक्यातली, बोलायला गोड आणि कामाला खाष्ट.

आता मुख्य गोष्ट ऐक. सकाळी डॉक्टर मोमीननी स्वतः येऊन माझ्या उजव्या मांडीवर, वरच्या बाजूला, काळ्या पेनानं बाण काढला होता. म्हणाले, भोईर सेठ, यह मिटाना मत. मी मिटवला नाही. पण मी जरा लवंडलो असताना राहीचं लक्ष गेलं. तिला वाटलं, कारखान्यातलं काळं ऑईल लागलंय. तीस वर्षं ती माझ्या कपड्यांवरनं ते ऑईल काढतेय, तिचा हात आपोआप चालतो. एवढ्या मोठ्या डॉक्टरांपुढं असल्या काळ्या मांडीचा नवरा पाठवायचा म्हणजे अब्रू गेली, म्हणून तिनं टॉवेल ओला केला, साबण लावला आणि मांडी लख्ख करून टाकली. मला गुदगुल्या झाल्या म्हणून मी जागा झालो, पण तोवर बाण गेला होता. मी म्हटलं, जाऊ दे, उजवीकडे दुखतंय ते काय आंधळ्याला पण दिसेल.

तर ओटीच्या दारात नेत्रा सिस्टरनी चादर जरा बाजूला केली, बाण दिसेना, आणि ढकलखुर्ची तिथंच थांबली. मी सांगितलं उजवी बाजू. कागदावर होतं उजवी बाजू. फुगा पण उजवीकडेच. तरी ती म्हणाली, नाही काका, बाण नसेल तर मी आत घेत नाही. आत सगळे हात धुऊन तयार, आणि ही पोरगी दार अडवून उभी. मला वाटलं, आता मोठा डॉक्टर येऊन हिला झापणार. डॉक्टर आले. त्यांनी तिला म्हटलं, अच्छा किया. मग मला उभं करून खोकायला लावलं (फुगा आला, उजवीकडेच आला, इमानदार आहे), कागद पुन्हा पाहिला, मला पुन्हा विचारलं आणि नवा बाण काढला. राही दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. तिला कुणी एक शब्द बोललं नाही; उलट डॉक्टर तिला म्हणाले, भाभी, साबण कौन सा है, इतना अच्छा धोया. बिचारी लाजून पदर तोंडाला लावून बाकड्यावर जाऊन बसली.

आत गेलो आणि आक्का, मी गप्पच झालो. तू मला ओळखतेस, मी सहसा गप्प होत नाही. माघातल्या पहाटेसारखी थंडी. डोक्यावर परातीएवढा दिवा. सगळी हिरव्या कपड्यांतली माणसं, नुसते डोळे दिसणारी. हात धुऊन आलेला माणूस हात असे छातीपुढे धरून चालतो, दार पाठीनं ढकलतो, कशाला म्हणून शिवत नाही. आपल्या कशेळी गावच्या म्हाताऱ्या सोवळ्यात अशाच अंग चोरून चालायच्या. कमरेत सुई टोचून माझं अर्धं अंग बधिर केलं. पाय दिसत होते, पण कुणा पाहुण्याचे असल्यासारखे. छातीपाशी पडदा लावला, दोन्ही हात दोन फळ्यांवर पसरून ठेवले. जीव जागा होता, कान तर नको इतके जागे होते.

आणि मग चाकू हातात घ्यायच्या आधी डॉक्टर म्हणाले, थांबा सगळे. जो जिथं होता तिथं थांबला. आणि एकेकानं स्वतःचं नाव सांगायला सुरुवात केली. मी मोमीन, सर्जन. मी अमकी, भूल देणार. मी नेत्रा, सिस्टर. मी तमका, बाहेरचं सामान देणार. आक्का, माझे तर प्राण कंठाशी आले! एका कारखान्यात रोज काम करणारी माणसं एकमेकांना नावं सांगतात कधी? म्हटलं, ही सगळी आजच भरती झालीत की काय? माझ्याच पोटावर शिकणार? आता आपलीही ओळख करून दिलेली बरी, उगाच परक्यासारखं पडून राहायला नको, म्हणून मीही मोठ्यानं सांगितलं: मी केसरीनाथ भोईर, पॉवरलूम कारखाना, शेलार, उजवी बाजू. कुणी विचारलं नव्हतं. पण पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाले, बहुत खूब, यही सुनना था.

मग भिंतीवर लावलेल्या तक्त्यावरून एकजण एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होता आणि उत्तर आल्याशिवाय पुढं जात नव्हता. औषध दिलं का, रक्त लागेल का, लाइट गेली तर काय. लाइटीचं ऐकून मी कान टवकारले. आपल्या भिवंडीत लाइट जाते म्हणजे काय ते लूमवाल्याला सांगायला नको. तर यांनी सकाळीच जनरेटर चालू करून बघितला होता, आणि तेही मोठ्यानं सांगितलं. (मी आपला जनरेटर शेवटचा कधी चालू करून बघितला ते आठवायला लागलो. आठवलं नाही.)

आता मी काय केलं ते सांगतो. डाव्या हातात सलाईनची सुई होती, उजवा मोकळा, फळीवर. माझ्यावर हिरवी कापडं पांघरताना सामानाच्या ट्रॉलीवरनं काहीतरी मऊ माझ्या उजव्या हाताशी पडलं आणि वरून कापड आलं. कापड हाताला लागलं की लूमवाला काय करतो? बोटांत धरतो. मी धरलं. अंगठ्यानं पोत बघितला. जाळीदार, विरळ विणीचा माल, पण सूत चोख. आणि मध्येच एक धागा जाड. मी मनात म्हटलं, कुठल्या गधड्यानं विणलंय हे, धाग्यात धागा नाही. असला माल मी भरला असता तर व्यापाऱ्यानं तोंडावर मारला असता. तेवढाच मनाला चाळा. ते कापड मुठीत घेऊन मी पडून राहिलो. पलीकडे काय कापाकापी चालली होती देव जाणे, मला नुसतं कुणीतरी लांबून पिशवीत हात घालून किल्ल्या शोधतंय असं वाटत होतं.

बऱ्याच वेळानं डॉक्टर म्हणाले, जाळी बसली, काम छान झालं, मोजून घ्या, बंद करू. (हर्नियाला आतून जाळी लावतात, हे आधीच सांगितलं होतं.) नेत्रा सिस्टर मोठ्यानं मोजायला लागल्या. एकेक वस्तू मोजली, चिमटे मोजले, कात्र्या मोजल्या. कात्र्या मोजतात हं आक्का, आधी आणि नंतर. (हे मी माझ्या ऑपरेशनबद्दल लिहितोय.) मग मोजणं थांबलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आणि त्या म्हणाल्या, सर, एक गॉज कम है.

आक्का, माझ्या कानांनी ऐकलं, एक गज कमी आहे! जन्म कापडात गेलाय माझा, दुसरं काय ऐकणार? एक गज! म्हणजे दोन हात लांब कापड माझ्या पोटात! जाळी लावली ती लावली, वर अख्खा गजभर माल आत भरला! त्या क्षणाला तुझ्या त्या मावसजावेची मी मनातल्या मनात माफी मागितली. देवाशप्पथ सांगतो, मला कचकच आवाज यायला लागला. वज्रेश्वरी आईला म्हटलं, आई, मी आक्काला खोटं पाडत होतो, मला बघ.

आणि माहितीये, आपल्या धंद्यात गज कमी पडला तर काय होतं? मुकादम म्हणतो, सेठ, घडी घालताना इकडेतिकडे झाला असेल, आणि कापडाचा ताका तसाच जातो व्यापाऱ्याकडे. इथं मी वाट बघत होतो की आता कुणीतरी असंच म्हणणार. ऑपरेशन झालेलं, सगळे दमलेले, पेशंट झोपल्यासारखा. कोण बघतंय? पण मोमीन डॉक्टरांनी दोन्ही हात वर घेतले आणि म्हणाले, रुको. मिलने तक टाका नहीं पडेगा. सगळं थांबलं. कुणी सिस्टरला म्हटलं नाही, तूच चुकली असशील. त्यांनी स्वतः पुन्हा आत बघितलं, सावकाश, कोपरा न् कोपरा. बाकीचे खाली वाकले, बादल्या उपसल्या, चादरींच्या घड्या झटकल्या, एकमेकांच्या चपलांचे तळवे बघितले. त्या परातीएवढ्या दिव्याखाली एवढी शिकलेली माणसं फरशीवर ओणवी होऊन शोधतायत, कशासाठी? एका आडदांड लूमवाल्याच्या पोटासाठी, ज्याला सकाळपर्यंत त्यांनी पाहिलंही नव्हतं. मला तेव्हा नुसतं भरून आलं. भीती होतीच, पण तिच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं.

कुठंच मिळेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, एक्स-रे मंगाओ. हर गॉज में नीला धागा बुना होता है, अंदर होगा तो फोटो में दिख जाएगा.

धागा! माझा अंगठा मुठीतल्या मुठीत त्या जाड धाग्यावर आपोआप फिरला. पडद्यामागून मी विचारलं, डॉक्टरसाहब, तुमचा तो गज... त्यात एक धागा जाड असतो का? विणकराची चूक झाल्यासारखा?

मग नेत्रा सिस्टर माझ्या बाजूला आल्या, हिरवं कापड उचललं, आणि माझी मूठ सोडवायला लागल्या. ती चटकन सुटली नाही. हातात निघालं रुमालाच्या चौथाईएवढं फडकं. तेवढंच! तो गज नव्हे, गॉज. जखमेचं रक्त टिपायचं कापड. डॉक्टर मोमीन पडद्यावरून डोकावले, नुसते डोळे दिसत होते, पण हसताना दिसले. म्हणाले, भोईर सेठ, माल वापस करो. सगळी खोली हसली. मला वाटलं, संपलं. पण नाही. हसून झाल्यावर नेत्रा सिस्टरनी तो तुकडा बाकीच्यांत ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं मोजलं, मोठ्यानं. बरोबर आलं म्हणाल्या, तेव्हाच पहिला टाका पडला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वॉर्डात आले तेव्हा मी विचारलं, समजा मी बोललोच नसतो तर? म्हणाले, एक्स-रे काढला असता, त्यात दिसलं नसतं तर पुन्हा शोधलं असतं. गॉजचा पत्ता लागेपर्यंत तुम्ही आमचे पाहुणे. मग मी ते नावांचं विचारलं, की रोजची ओळख असून नावं कशाला सांगता? म्हणाले, ज्यानं सुरुवातीला सगळ्यांपुढं आपलं नाव मोठ्यानं घेतलं, त्याला नंतर 'थांबा' म्हणायची लाज वाटत नाही. मला ती बारीकशी पोरगी दार अडवून उभी राहिलेली आठवली. आक्का, मी देवळात पुष्कळ वेळा हात जोडलेत, खरं सांगायचं तर निम्म्या वेळा सवयीनं. त्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या जोडले ते मनापासून. कारखान्यात आता रात्रपाळीच्या आधी मी सगळ्यांना नावं सांगायला लावतो. कामगारांना वाटतं, सेठच्या डोक्यालाही भूल चढलीय.

बाकी सगळं क्षेम. शेतावर वाल चांगला आलाय. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. जास्त लिहिणे नलगे, कारण लिहायचं ते पुढेच आहे.

तुझाच धाकटा,
केसरीनाथ

ता. क. सही वर झाली, म्हणजे पत्र तिथं संपलं. तुझी शपथ पत्रापुरती होती. ताजा कलम पत्रात धरत नाहीत, हे मी गावच्या पोस्टमास्तरांना विचारून घेतलंय. तर आता ऐक. मोमीन डॉक्टरांनी तुझ्या पोटाचे जुने फोटो बघितले. (दाजींनीच दिले. त्यांच्यावर ओरडू नकोस, ते देताना रडत होते, त्यांना वाटलं मला दिसलं नाही.) खडा पिशवीतून सरकून नळीत अडकायला बघतोय, म्हणून डोळे पिवळे झाले. पुन्हा तसं झालं तर मग शपथा मोडायलाही वेळ मिळणार नाही, हे त्यांनी मला जराही न हसता सांगितलं. परवा सकाळची वेळ घेतलीय. अंगणात हिरामण चहा पीत बसलाय ना? त्याला मी सांगितलंय, रिकामी जीप घेऊन आलास तर पुढचा पगार वज्रेश्वरीच्या दुकानातून नारळांत घे. तुझी कपड्यांची पिशवी दाजींनी कालच भरलीय, दाराच्या मागे बघ.

ता. क. आक्का, मी राही. मी हितंच यांच्या उशाशी बसून वाचला समदा. यांचा काय बी आयकू नका. म्हनं गप्प झालो! दारात जाताना मला जवळ बोलवून लूमची किल्ली दिली, जनरेटरवाल्याचा नंबर दिला आनि बोलले, मी परत नाय आलो तर आक्काला सांग, गरम कुंडाला जायला पायजे व्हता. भायेर बाकड्यावर मला समदा आयकू येत व्हता, आत मोठ्यानं आईला हाका मारत व्हते, वज्रेश्वरी आईला नाय, आपल्या आईला. पन ते गॉजचा खरा हाय, सिस्टरनी माझ्यापुढं सांगितला. तुम्ही या. मांडी तर मांडी, तुमच्या पोटावर बाण काढला तर मी हात लावनार नाय. ओटीचा खण-नारळ तयार ठेवलाय, या खेपेला कुणाला विचारनार नाय, भरून टाकनार.

ता. क. (पुन्हा मीच. राहीच्या हातून पेन काढून घेतलं. आईच्या हाका खोट्या आहेत. एकच मारली होती.) तिथं तुला पूर्ण नाव विचारतील, पुन्हा पुन्हा विचारतील, दाजींच्या नावासकट. तू जन्मात त्यांचं नाव घेतलं नाहीस, हे मला माहीत आहे. उखाण्यात घे. डॉक्टर थांबतील. ती माणसं थांबतात आक्का, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि एक. ते फडकं मी पोत बघायला धरलं असं वर लिहिलंय, ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. पोत बघायला कितीसा वेळ लागतो? तुला आठवतं, कशेळीला होडीवरून पडून माझी हनुवटी फाटली होती, आई नुकतीच गेलेली, आणि तू मला खाडीपलीकडे टाके घालायला नेलंस? कंपाउंडरनं सुई काढली तेव्हा तू पदराचं टोक माझ्या मुठीत दिलंस आणि म्हणालीस, धर, आणि बोंबलू नको. त्या दिव्याखाली हाताला कापड लागलं, मी तेच धरलं. म्हणून सिस्टरला मूठ सोडवायला वेळ लागला. आता तुझी पाळी. तू ये. आत मला सोडणार नाहीत, पण दारापर्यंत माझ्या सदऱ्याचं टोक तुझ्या मुठीत. दारात मात्र सोड हं. नाहीतर सगळे थांबतील आणि माझा सदरा मोजत बसतील.